‘बदलून टाका!’ – एका अडलेल्या काचेच्या निमित्ताने

आपल्या देशात सगळ्यात जास्त खपणारा तांत्रिक सल्ला कोणता असेल? माझ्या मते तो फक्त दोन शब्दांचा आहे : ‘बदलून टाका!’ मिक्सर तापतो? बदलून टाका. मोबाईलची बॅटरी टिकत नाही? मोबाईलच बदलून टाका. पंखा हळू फिरतो? बदलून टाका. (होस्टेलचा पंखा मात्र कितीही हळू फिरला तरी कुणी बदलत नाही, पण तो विषय वेगळ्या लेखाचा!)

या सल्ल्याला एक धाकटा भाऊही आहे. त्याचं नाव ‘जुगाड’. थोरला भाऊ चकचकीत काउंटरच्या मागे बसतो, धाकटा रस्त्याच्या कडेला. एक बिल छापून देतो, दुसरा तोंडी हिशोब सांगतो. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, पण खरं सांगायचं तर दोघे एकाच आईची लेकरं आहेत आणि त्या आईचं नाव आहे, ‘कारण शोधायचा कंटाळा’.

आता इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात असं काही लिहायचं म्हणजे पुरावा दिला पाहिजे, नाहीतर व्हायव्हाला घेतात तसं घेतील. म्हणून मी मुद्दाम एक अगदी क्षुल्लक वाटणारी वस्तू निवडली आहे. जुन्या गाडीची पॉवर विंडो. बटण दाबलं की सर्रकन वर जाणारी काच काही वर्षांनी कण्हत-कुंथत वर जायला लागते, मध्येच थांबते, नाहीतर एका कोपऱ्याने तिरकी होऊन अडते. अशी एक तरी काच आपल्या स्टाफ पार्किंगमध्ये नक्की सापडेल. (कुणाची ते सांगणार नाही, टर्मवर्कचे मार्क अजून यायचे आहेत.)

एक आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. ‘फ्रिक्शन’ मला सहावीत भेटलं आणि ‘घर्षण’ त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तेव्हा शब्दांची सरमिसळ होणार, सांभाळून घ्या.

तर दाराच्या आत असतं तरी काय? एक छोटी डी. सी. मोटर असते. तिच्या शाफ्टवर वर्म आणि त्याला लागून वर्म व्हील. व्हीलबरोबर एक ड्रम फिरतो, त्यावर गुंडाळलेली बारीक स्टीलची केबल पुलीवरून जाते आणि रेलवरच्या एका सरकत्या क्लिपला वर-खाली ओढते. त्या क्लिपमध्ये काच धरलेली असते. काही गाड्यांत केबलऐवजी कात्रीसारखे उघडमीट होणारे हात असतात. या सांगाड्याला पुस्तकात विंडो रेग्युलेटर म्हणतात आणि गॅरेजमध्ये नुसतं ‘मशीन’. काचेच्या पुढच्या-मागच्या कडा रबरी चॅनलमधून सरकतात. बस, एवढंच!

थेअरी ऑफ मशिन्सच्या व्हायव्हात ‘सेल्फ लॉकिंगचं उदाहरण सांगा’ म्हटलं की आपण सगळे एका सुरात ‘स्क्रू जॅक’ म्हणतो. आपल्या बाजूलाच, दाराच्या आत, दुसरं उदाहरण बसलेलं असतं ते कुणाला आठवत नाही. बंद काच बाहेरून दाबून खाली जात नाही ती या वर्ममुळेच. पण या सोयीची किंमत मोजावी लागते. अशा जोडीची एफिशियन्सी कमी असते. मोटरच्या ताकदीतला मोठा वाटा वर्मच खाऊन टाकतो आणि काचेच्या वाट्याला थोडीच उरते. म्हणून वाटेत कुठे थोडंसं जरी बिनसलं तरी काच लगेच कुरकुरते.

काच हळू झाली तर संशयित तीनच. एक, विजेची वाट, म्हणजे बटण, वायर, कनेक्टर, अर्थिंग. दोन, घर्षण, म्हणजे सुकलेलं रबर, कोरडा रेल, तिरकी काच. तीन, खुद्द मोटर, म्हणजे झिजलेले ब्रश वगैरे. आणि गंमत बघा, फाशी बहुतेक वेळा तिसऱ्यालाच होते. खटला न चालवता!

आमच्याच घरचं सांगते. आमच्याकडे २००९ सालची एक हॅचबॅक आहे. (बाबा तिला ‘जुनी’ म्हणू देत नाहीत, ‘मुरलेली’ म्हणायचं.) तिची पुढची डावी काच रखडायला लागली. बाबा एका सर्व्हिस सेंटरमध्ये घेऊन गेले. तिथल्या मुलाने ड्रायव्हरच्या जागेवरून दोनदा बटण दाबलं आणि निकाल दिला, “सर, मोटर गेलीय. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल. साडेपाच हजार धरून चाला.” बाबांनी “विचार करून सांगतो” म्हणून गाडी परत आणली. मी सुट्टीत घरी गेले होते. डावीकडे बसल्यावर सहज माझ्या बाजूचं बटण दाबलं, तर काच झकास वर गेली! बाबांना त्यांच्या बाजूने दाबायला सांगितलं, तर पुन्हा रडतखडत.

आता सांगा, मोटर तीच, काच तीच, रबर तेच. बदललं ते फक्त बटण. म्हणजे मोटर निर्दोष! हे कळायला आम्हाला मल्टिमीटर लागला नाही, स्क्रू ड्रायव्हर लागला नाही, एक पैसा लागला नाही. लागली ती फक्त दोन मिनिटं आणि ‘दुसऱ्या बटणाने बघू या का?’ हा एक प्रश्न.

अशा जुन्या, साध्या वायरिंगच्या गाड्यांत ड्रायव्हरच्या दारावर चारही काचांची बटणं असतात आणि तिथून डावी काच चालवली की मोटरचा सगळा करंट त्या बटणाच्या आतल्या इवल्याशा तांब्याच्या कॉन्टॅक्टमधून जातो. सगळ्यात जास्त वापर त्याच बटणांचा. शिवाय काच पूर्ण वर गेल्यावरही बटण दाबून धरायची आपली सवय! त्या वेळी मोटर अडलेली असते, करंट कितीतरी वाढतो आणि बोट सोडताना कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते. बारा-पंधरा वर्षं रोज ठिणग्या खाल्ल्यावर तो काळा पडणार नाही तर काय? आम्ही बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मग बटणांचा सेट उघडला. कॉन्टॅक्ट कोळशासारखे झाले होते. अगदी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. काच पळायला लागली. साडेपाच हजारांची नवी असेंब्ली बसवली असती तर काय झालं असतं? नव्या कोऱ्या मोटरवर तीच काच तशीच रखडली असती, कारण दोषी बटण जागेवरच राहिलं असतं!

‘एवढ्याशा काजळीने एवढा फरक कसा?’ असं कुणी विचारेल. त्याला दहावीचा ओहमचा नियम पुरतो. समजा मोटर ८ अँपिअर ओढते आणि तिच्या आतला रेझिस्टन्स ०.६ ओहम आहे (आकडे गणितापुरते घेतले आहेत). १२ व्होल्टमधले ४.८ व्होल्ट तिथेच जातात, उरतात ७.२. डी. सी. मोटरचा वेग या उरलेल्या व्होल्टेजच्या, म्हणजे बॅक ई. एम. एफ.च्या प्रमाणात असतो. आता काजळीने फक्त ०.३ ओहमची भर घातली. आणखी २.४ व्होल्ट गेले, उरले ४.८. वेग एक तृतीयांशाने कमी! ०.३ ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ८ अँपिअरला ते खूप काही आहे.

आणि इथेच एक धडा आहे जो लॅबच्या जर्नलमध्ये मला मिळाला नाही. हा ०.३ ओहम साध्या मल्टिमीटरने ओहमच्या रेंजवर मोजायला गेलात तर सापडत नाही. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्सच साधारण तेवढा असतो. तो सापडतो काम चालू असताना. कुणाला तरी बटण दाबून धरायला सांगा आणि काच सरकत असताना मोटरच्या कनेक्टरवर व्होल्टेज बघा. बॅटरीवर १२ आणि मोटरवर ९ दिसले तर तीन व्होल्ट वाटेत कुणीतरी खाल्ले. मग एकेक टप्पा तपासत मागे यायचं. दार आणि बॉडी यांच्या मधल्या रबरी नळीतल्या वायरीही विसरू नका, दार हजारो वेळा उघड-बंद झालं की त्या आतल्या आत तुटत जातात. सांगायचा मुद्दा असा की, वस्तू नुसती पडून असताना मोजली तर सगळं ठीकच दिसतं. ती कामाला लावून मोजायची असते. (हे विद्यार्थ्यांनाही लागू आहे!)

ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांच्यासाठी दोन फुकटच्या टेस्ट. पहिली, रात्री इंजिन बंद ठेवून गाडीतला छताचा दिवा लावा आणि काच चालवा. दिवा बऱ्यापैकी मंदावला, तर मोटर भरपूर करंट ओढतेय, म्हणजे काचेला काहीतरी अडवतंय. काच रखडतेय पण दिव्याला काहीच फरक नाही, तर करंट मोटरपर्यंत नीट पोचतच नाहीये. ढोबळ टेस्ट आहे, बॅटरी धड हवी, पण दिशा कळते. दुसरी, काच पूर्ण खाली करून दोन्ही बाजूंच्या रबरी चॅनलमध्ये साबणाचं पाणी सोडा. काच एकदम सुधारली तर दोष रबराचा. ‘पावसात काच मस्त चालते, उन्हाळ्यात अडते’ अशी तक्रार करणारे लोक खरं तर निदानच सांगत असतात, आपण ऐकत नाही!

रबराचा इलाज सोपा आहे. चॅनलमधली माती ओल्या फडक्याने काढायची, सुकू द्यायचं आणि सिलिकॉन स्प्रे मारायचा. फाटलं असेल तर तेवढं चॅनल बदलायचं, मोटर नव्हे. आणि इथे धाकट्या भावाला आवरायचं! तो म्हणणार, ‘थोडं इंजिन ऑइल सोडू,’ नाहीतर ‘ग्रीस लावू’. पेट्रोलियमचं तेल त्या रबराला फुगवतं, मऊ करतं. वर रस्त्यावरची धूळ त्यात बसून पॉलिश पेपर तयार होतो. दोन आठवडे काच लोण्यासारखी, मग पहिल्यापेक्षा वाईट.

काच तिरकी होत असेल तर गोष्ट वेगळी. क्लिपचे बोल्ट सैल झालेले असतात, प्लॅस्टिकची क्लिप तडकलेली असते किंवा काच चॅनलमधून बाहेर आलेली असते. अडलेली काच दोन्ही हातांनी ओढायचा आपला पराक्रमही बऱ्याचदा कारणीभूत असतो. डोअर पॅड काढून काच जवळजवळ पूर्ण वर घ्यायची, चिकटपट्टीने चौकटीला बांधायची, बॅटरी काढायची, बोल्ट ढिले करून काच दोन्ही चॅनलमध्ये सरळ बसवायची आणि मग आवळायचं. बोल्टची भोकं बहुधा लांबट असतात ती याचसाठी. हातमोजे घालाच, दाराच्या आतला पत्रा सुरीसारखा असतो. कात्रीवाल्या मशीनमध्ये दाबलेली स्प्रिंग असते, सेक्टर गिअर बांधल्याशिवाय तिची मोटर सोडवायची नाही. आणि पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद फाडून फेकू नका. तो पॅकिंगचा नसतो, दारात शिरलेलं पावसाचं पाणी गाडीत येऊ नये म्हणून असतो. दाराच्या खालच्या कडेची भोकंही मोकळी ठेवा, ती तुंबली की मोटर आणि रेल दमटपणात गंजतात.

आता मी ‘बदलू नका’ असं म्हणतेय का? अजिबात नाही. केबल तुटून ड्रमवर गुंता झाला असेल तर मशीन बदलणंच शहाणपणाचं. ती केबल पुन्हा ओवून टिकाऊ काम होणं कठीण. ब्रश संपले असतील तर मोटर बदला. माझं म्हणणं एवढंच की बदलण्याआधी ‘का?’ याचं उत्तर यायला हवं. डॉक्टर तपासल्याशिवाय ऑपरेशन करायला निघाला तर आपण पळून जाऊ. गाडीच्या बाबतीत मात्र सही करून येतो.

दुसरी बाजूही खरी आहे. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाला दिवसात ठरावीक गाड्या संपवायच्या असतात. अर्धा तास शोधून शंभर रुपयांचं काम केलं तर त्याला शाबासकी मिळत नाही, असेंब्ली बसवली तर मिळते. दोष त्याच्या हातात नाही, हिशोबात आहे. शिवाय ‘आमच्या वेळेला किंमत नाही का?’ हाही प्रश्न रास्त आहे. आहे ना! मग शोधण्याचे पैसे उघडपणे घ्या. मोटर निर्दोष आहे हे सांगणाऱ्याला चारशे रुपये द्यायला आमचे बाबा आनंदाने तयार झाले असते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं आणि मोबाईलबरोबर वाहनंही घेतली. चांगली गोष्ट आहे. पण दुरुस्तीचा हक्क मिळाला आणि दुरुस्त करणारं डोकंच नसलं, तर त्या हक्काचं लोणचं घालायचं का?

कुणी म्हणेल, एका काचेसाठी केवढा आटापिटा! नाही चालली तर ए. सी. लावा. तर मित्रहो, २६ जुलै २००५ आठवा. आपल्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नव्हते, पण घरातल्यांना विचारा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत काही माणसं आपल्याच बंद गाडीत अडकून गेली. बाहेर पाणी, दार उघडत नाही, काच उतरत नाही. त्यानंतर कित्येकांनी गाडीत हातोडी ठेवायला सुरुवात केली. दार का उघडत नाही याचंही गणित करा. दाराची रुंदी एक मीटर आणि बाहेर पाणी दाराच्या खालच्या कडेपासून अर्धा मीटर वर, एवढं धरलं तरी दारावर सव्वाशे किलोच्या आसपास भार येतो. काचेला मात्र पाणी तिथवर पोचेपर्यंत तो भार नसतो. म्हणून पाणी चढायला लागलं की फोन नंतर, दार नंतर, आधी काच खाली. वायरिंग पाण्यात जाऊन बंद पडायच्या आत! त्या क्षणी काच उतरायला पाच सेकंद घेते की मध्येच अडते, हा प्रश्न ए. सी.चा राहत नाही.

उलट बाजूही आहे. मोठा फ्यूज टाकणं, बटण बायपास करून थेट वायर जोडणं, हे जुगाड तर त्याहून वाईट. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. २० चा उडतो म्हणून ४० चा टाकला की फ्यूजऐवजी वायर तापते आणि तीही कार्पेटखाली. शिवाय जुन्या गाड्यांत मध्ये हात आला तर काच आपोआप थांबून मागे फिरण्याची सोय बहुधा नसते. मागच्या सीटवर लहान मूल असेल तर ड्रायव्हरच्या बाजूचं लॉकचं बटण दाबून ठेवा, ते शोभेचं नाही.

शेवटी आपल्या स्टाफपुढे एक नम्र सूचना. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आपण एम. एस.चा तुकडा घासत बसतो. (काहींना तो जॉब सीनिअरकडून वारशाने मिळतो, पण ते असो.) त्याच वर्कशॉपमध्ये भंगारातून आणलेलं गाडीचं एक अख्खं दार स्टँडवर बसवा. शेजारी १२ व्होल्टचा सप्लाय आणि एक मल्टिमीटर. दर बॅचला सरांनी गुपचूप एक दोष घालायचा. कधी वायरमध्ये ०.३ ओहमचा रेझिस्टर, कधी चॅनलमध्ये माती, कधी एक बोल्ट सैल. मुलांनी अर्ध्या तासात दोष शोधायचा आणि कारण लिहायचं. मार्क दुरुस्तीला कमी, कारणाला जास्त! मशीन डिझाइन, इलेक्ट्रिकल मशिन्स, मटेरिअल्स, सगळे विषय त्या एका दारात एकत्र भेटतील. आणि हे असं प्रॅक्टिकल आहे की ज्याचं रीडिंग कुणाच्या जर्नलमधून उतरवता येणार नाही.

तोवर ज्या सर-मॅडमच्या गाडीची काच रखडत असेल त्यांनी शनिवारी दुपारी वर्कशॉपच्या मागे गाडी उभी करावी. टी. ई. मेकॅनिकलची आम्ही पाच-सहा जणं हजर असू. तपासायची फी, प्रत्येकी एक कटिंग आणि वडापाव. बदलायचं की नाही ते मग बघू!

– टी. ई. (मेकॅनिकल), लेडीज होस्टेल